गुडघाबदलानंतर पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका कोणाला अधिक?

आईचे वय 74 आहे, वजन जास्त आहे, शिवाय मधुमेह आहे, तेव्हा वयामुळे गुंतागुंत होईल का, असे आपण विचारले आहे. नुसत्या वयाला घाबरू नका. आधी साखरेचे बघा.

आमच्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याच्या वेळी एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा रक्ततपासणीचा आकडा, नऊच्या वर होते. थोडे थांबून ते आठच्या खाली आणू आणि किडलेली दाढही आधीच काढून घेऊ, असे मी म्हणत होते. त्यावर मोठ्या भाऊजींचे उत्तर ठरलेले असे: तारीख मिळाली आहे, मेडिक्लेमची मंजुरी आली आहे, रजा टाकून झाली आहे आणि उपाशीपोटीची साखर तर 130च आहे. एका सकाळची साखर आणि साधारण तीन महिन्यांची सरासरी यांतला फरक त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली, दुसऱ्या दिवशी सासूबाई वॉकर धरून चालल्या आणि तेवढ्यावर भाऊजींनी वाद जिंकला.

पुढे टाके निघाले, तरी पट्टीवर रोज रुपयाएवढा पिवळसर डाग उमटत राहिला. जखम म्हटली की पाणी येणारच, असे म्हणून भाऊजींनी नाक्यावरच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. अशा गोळ्यांनी संसर्ग वरवर दबतो आणि नंतर पाण्याच्या तपासणीत जंतू सापडणे अवघड होते. शेवटी ताप चढला, गुडघा लाल झाला आणि सासूबाईंना पुन्हा दाखल करून, गुडघा उघडून, धुऊन, सांध्यातला प्लॅस्टिकचा भाग बदलावा लागला. भाऊजी आजही आमच्या लालबागच्या चाळीच्या जिन्याला दोष देतात. जिन्यावरून माणूस पडतो, गुडघ्यात पू होत नाही.

आपल्या आईंच्या बाबतीत हिमोग्लोबिन, मूत्रपिंड आणि हृदय तपासून घ्याच. धूम्रपान तर सोडावेच, पण मशेरी लावण्याची सवय असेल तर तीही डॉक्टरांपासून लपवू नका. शस्त्रक्रियेआधीच्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल, पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली असेल किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर तेही आधीच सांगावे. वजन खूपच जास्त असल्यास जखम भरण्याचा त्रास वाढतो. दोन्ही गुडघे एकदम करण्याचा सल्ला देणारे नातेवाईक हृदयावरचा ताण आणि गुठळीचा वाढीव धोका हिशेबात धरत नाहीत. घरी आल्यावर जखमेतून पाणी येत राहिले किंवा पोटरी सुजली, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवावे. धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे.

मी डॉक्टर नाही. साखर ताब्यात असणाऱ्यांनाही संसर्ग होतो आणि वाढलेली साखर असूनही अनेकांचे निर्विघ्न पार पडते, त्यामुळे सासूबाईंच्या बाबतीत साखरच कारण होती, असे मला सिद्ध करता येणार नाही. मात्र आता डावा गुडघा करायचा आहे, भाऊजींना डिसेंबरचीच तारीख हवी आहे आणि एचबीएवनसीचा नवा रिपोर्ट हातात आल्याखेरीज मी संमतीपत्रावर कोणाला सही करू देणार नाही.