वाचकांचे प्रश्न : करारातली वाढ हातात किती पडते?

प्रश्न : वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात तीन वर्षांच्या करारासाठी कंपनी दरमहा ९,००० रुपयांची वाढ देते आहे, पण ‘सीटीसी’वर (म्हणजे कामगारामागे कंपनीचा होणारा एकूण खर्च). सभासद म्हणतात, सही करून टाका. काय तपासावं? (कामगार प्रतिनिधी, सातारा एमआयडीसी)

उत्तर : सही करण्याआधी ९,००० ची फोड लेखी मागा. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, मेडिक्लेमचा हप्ता, कधी कँटीन आणि बससुद्धा धरलेली असते. ही रक्कम पगारपत्रकावर दिसत नाही.

मग टप्पे बघा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी वाढीचे किती टक्के मिळणार, ते. ६०-२०-२० असेल तर वाढ दरमहा ५,४००, ७,२०० आणि ९,००० अशी चढते. तीन वर्षांचे मिळून २,५९,२०० रुपये. ३४-३३-३३ असेल तर २,१७,०८०. आकडा तोच ‘नऊ हजार’, पण ४२,१२० रुपये गेले. गेटसभेत हे कोणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट बेसिक, म्हणजे मूळ पगार. वाढीतले ३,००० रुपये भत्त्याऐवजी बेसिकमध्ये आले, तर वीस वर्षं नोकरी झालेल्याची ग्रॅच्युइटी (३,००० × १५ ÷ २६ × २०) सुमारे ३४,६०० रुपयांनी वाढते. पीएफमध्ये मात्र फसगत होते. बऱ्याच कंपन्या १५,००० पगाराच्या मर्यादेवर, म्हणजे त्याच्या १२ टक्के, १,८०० रुपयांवर थांबतात. बेसिक त्यापुढे गेलं तरी पीएफ हलत नाही. म्हणून ‘प्रत्यक्ष बेसिक अधिक डीएवर (महागाई भत्त्यावर) १२ टक्के’ हे शब्द करारात हवेत. तसं केल्यावर त्या ३,००० मधून तुमचेही ३६० कापले जातील, हे सभासदांना आधीच सांगा. नाहीतर पहिल्या पगाराला ओरड होते.

प्रश्न : जुन्या करारात महागाई निर्देशांकाच्या दर पॉइंटला ३ रुपये डीए आहे. कंपनी म्हणते, आता फिक्स डीए (निर्देशांकाशी न जोडलेली ठरावीक रक्कम) घ्या. (कुपवाड, सांगली)

उत्तर : घेऊ नका, निदान स्वस्तात तरी नको. आधी करारातला पाया, म्हणजे निर्देशांक कोणत्या वर्षी १०० धरला आहे, ते तपासा. सप्टेंबर २०२० पासून औद्योगिक कामगारांचा निर्देशांक २०१६=१०० या पायावर येतो. जुना करार २००१=१०० वर असेल, तर अखिल भारतीय आकड्याला २.८८ ने गुणावं लागतं. नवा निर्देशांक २.५ पॉइंट चढला म्हणजे जुने ७.२, डीए ७.५० नव्हे, २१.६० रुपये. पुणे किंवा सोलापूर केंद्राचा आकडा धरला असेल तर त्या केंद्राचा गुणक वापरा, तो वेगळा असतो.

अमेरिकेतल्या वाहन कामगारांनी असाच महागाई भत्ता २००९ च्या मंदीत सोडला आणि परत मिळवायला २०२३ चा संप करावा लागला.

प्रश्न : त्या संपात २५ टक्के वाढ मिळाली म्हणतात. आपण का मागू नये? (सांगली)

उत्तर : मागा, पण पूर्ण हिशोब बघून. ते २५ टक्के एप्रिल २०२८ पर्यंतचे आहेत. लगेच मिळाले ११. माझ्या मते त्याहून मोठी कमाई वेगळीच होती : नव्या कामगाराला वरच्या दरापर्यंत पोचायला आठ वर्षं लागायची, ती तीन झाली. आपल्याकडे ट्रेनी आणि कंत्राटी मुलं त्याच लाइनवर निम्म्या पगारात उभी असतात आणि मागणीपत्रात त्यांच्यासाठी ओळही नसते. शिवाय त्या युनियनने संपकऱ्यांना आठवड्याला ५०० डॉलर दिले, स्वतःच्या संपनिधीतून. तुमच्या युनियनच्या खात्यात किती दिवसांचं रेशन आहे, ते खजिनदाराला विचारून मगच टक्केवारी ठरवा.