मेंबर डिलीटच होत नाहीये!

प्रश्न: दादरला आमची छोटी लायब्ररी आहे, मायएसक्यूएल डेटाबेसमधे जुना मेंबर डिलीट करायला गेलं की १४५१ एरर येतो. फॉरेन की (पावत्यांचं टेबल मेंबरच्या टेबलाशी जोडणारा नियम) काढूनच टाकू का?

उत्तर: अहो, नका काढू! त्याच्या नावावर पावत्या आहेत म्हणून डेटाबेस अडवतोय आणि बरोबरच करतोय. ऑन डिलीट कॅस्केड लावलंत तर मेंबरबरोबर सगळ्या पावत्याही जातील, मग वर्षाचा हिशोब जुळवणार कसा? सेट नल (मेंबर गेला की पावतीतली त्याची नोंद रिकामी करणं) चालेल, पण पावतीतला तो कॉलम नल, म्हणजे रिकामा राहू शकणारा हवा. मला विचाराल तर डिलीट नकोच, मेंबरच्या टेबलात ‘बंद केल्याची तारीख’ असा कॉलम ठेवा. आणि फॉरेन की चेक बंद करून डिलीट तर अजिबात मारू नका, कारण चेक परत चालू केला तरी मधल्या काळात अनाथ झालेल्या (ज्यांचा मेंबरच उरला नाही अशा) नोंदी तो तपासत नाही.