मंगळवारी सकाळी अकरा वाजता तू कुठे असशील?

पत्र: ताई, आम्ही कोल्हापूरचे. माझ्या मिस्टरांना हिंजवडीत चांगली नोकरी लागली आहे. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जायचं, बाकी घरून काम. मुलगी साडेचार वर्षांची आहे, मुलगा दीड वर्षाचा. मिस्टरांच्या मनात पुनावळ्याच्या एका नव्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक करायचा आहे, ताबा दोन वर्षांनी. नणंद कोथरूडला असते, ती म्हणते आमच्याजवळच या. सासूबाईंचं म्हणणं, कुठंही घ्या पण स्वतःचं घ्या, भाड्यात पैसे घालवू नका. मी बालवाडीत शिकवत होते, धाकट्याच्या वेळी सोडलं. मला पुण्याची काहीच माहिती नाही. मी काही बोलले की 'तुला तिथलं काय कळतंय' असं होतं, आणि ते खोटंही नाही. मुलांसाठी कुठला भाग चांगला, तेवढं सांगा. – एक आई, कोल्हापूर

उत्तर: तुझ्या पत्रात मिस्टरांचं मत आहे, नणंदेचं आहे, सासूबाईंचंही आहे. तुझं मत मात्र कुठेच नाही, आणि त्या भागात सगळ्यात जास्त तास तूच काढणार आहेस. मिस्टर सकाळी गाडी काढतील आणि त्यांचा दिवस ऑफिसच्या लोकांत जाईल. दीड वर्षाच्या लेकराला कडेवर घेऊन तुला त्याच गल्लीत दूध आणायचंय, मुलीला शाळेतून आणायचंय, ताप आला तर डॉक्टर गाठायचाय. म्हणून भागाची निवड तुझ्या दिवसावरून व्हायला हवी. पुण्याची माहिती नसली तरी आपला दिवस कसा जातो हे तुला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. या निर्णयात तीच माहिती लागते.

एक कागद घे आणि पुण्यातला एक मंगळवार त्यावर लिही, तासातासाचा. मिस्टर ऑफिसला गेलेत, सकाळचे अकरा वाजलेत, धाकटा कुरकुरतोय, मुलीला साडेबाराला आणायचंय. त्याला घेऊन पायी कुठपर्यंत जाता येतंय? फूटपाथ आहे का, की डंपरच्या शेजारून चालायचंय? वाटेत कुणी ओळखीचं भेटेल का? संध्याकाळी सहाला मुलं कुठे खेळतील? रात्री दहाला ताप एकशे दोनवर गेला आणि मिस्टर हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातच अडकलेत, तर काय करशील? ज्या भागात या प्रश्नांची उत्तरं सोपी, तो भाग तुमचा. फ्लॅट किती चौरस फुटांचा हे त्याच्यानंतर.

आता तुमच्यासमोरचे भाग बघू.

पुनावळे, ताथवडे, मारुंजी हा सगळा पट्टा हिंजवडीला जवळ, म्हणून मिस्टरांचा ओढा मला समजतो. नव्या संकुलांची एक बाजू खरंच चांगली असते. खाली गाड्या येत नाहीत अशी खेळायची जागा असते आणि लहान मुलांच्या आया एकमेकींना भेटतात. पण हे भरलेल्या सोसायटीत होतं. निम्मी घरं रिकामी, शेजारी दोन इमारतींचं काम चालू, दिवसभर धूळ आणि कटरचा आवाज, अशा ठिकाणी धाकट्याची दुपारची झोपसुद्धा नीट होणार नाही. तिथे जायचंच असेल तर सहा-आठ वर्षं जुनी, माणसांनी भरलेली सोसायटी शोधा.

कोथरूडमध्ये शाळा, दवाखाने, बागा, भाजी, वाचनालय सगळं हाताशी आहे. मराठी माध्यमाच्या चांगल्या शाळा अजून टिकून आहेत त्या जास्त करून अशा जुन्या भागांतच. पण तिथून हिंजवडी गर्दीच्या वेळी तासाच्या पुढे जाते, मग चांदणी चौकाकडून जा नाहीतर बाणेर-म्हाळुंगेकडून. तीन दिवस असं चालेल, पण कंपनीने पाच दिवस केले तर नाही. तो नियम कंपनी बदलू शकते, एवढं धरून चाला.

नणंदेबद्दलही सांगते. नव्या शहरात आपलं माणूस असणं फार मोठी गोष्ट आहे, ते हलक्यात घेऊ नकोस. पण मदत म्हणजे नक्की काय, ते तिच्याशी आधीच बोल. ती दिवसा घरी असते का? अडीनडीला दोन तास मुलं सांभाळेल का? ती स्वतः नोकरीला जात असेल तर तिच्या गल्लीत राहिलीस काय आणि अर्ध्या तासावर राहिलीस काय, मंगळवारी अकरा वाजता फारसा फरक पडत नाही. सणावाराला आणि रविवारी तुम्ही भेटणारच.

तुमच्यापैकी कुणीच नाव घेतलं नाही असा एक भाग मी सुचवते: निगडी प्राधिकरण आणि त्याला लागून असलेलं चिंचवड-आकुर्डी. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं. तिथले सेक्टर आखून वसवलेले आहेत, त्यामुळे रस्ते रुंद, झाडं मोठी आणि बागा चालत जाण्याच्या अंतरावर. माणसं वर्षानुवर्षं तिथेच राहणारी. कारखान्यांत नोकरीला आलेली कितीतरी सांगली-सातारा-कोल्हापूरकडची कुटुंबं या पट्ट्यात स्थिरावली आहेत, तुझ्या बोलण्याचा हेल ऐकून कुणी वळून बघणार नाही. हिंजवडी दहा-बारा किलोमीटर. रावेत-ताथवड्याकडून जाताना कोंडी लागतेच, पण कोथरूडपेक्षा बरं. उणं काय, तर इमारती जुन्या, काहींना लिफ्ट नाही, तरणतलाव नाही. दीड वर्षाचं मूल असताना लिफ्ट नसलेला तिसरा मजला घेऊ नका, बाकीचं चालून जातं.

आणि तुझी आई येणार असेल तर हेही बघ. कोल्हापूरची एसटी स्वारगेटला येते आणि स्वारगेट ते पिंपरी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. पिंपरीला उतरून पुढे रिक्षा केली की झालं. कुणी स्टेशनवर न्यायला यायची वाट न बघता आई येऊ शकते, हे बाळंतपणानंतर घरात अडकलेल्या बाईला किती मोलाचं असतं, तुला वेगळं सांगायला नको. जी मेट्रो अजून जाहिरातीत आणि नकाशातच आहे, तिच्या भरवशावर मात्र घर ठरवू नका. चालू झाली की मोजा.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कोल्हापूरच्या माणसाला ही अडचण लवकर उमगत नाही. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून तिथे दिवसाआड पुरवठा सुरू झाला. जुन्या वस्तीत टाक्या आणि सवयी त्याप्रमाणे बसलेल्या आहेत. नव्या पट्ट्यात मोठमोठ्या सोसायट्या उन्हाळाभर टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये सगळ्यांवर बसतो. म्हणून घर बघायला गेलात की सेक्रेटरीकडे एप्रिल-मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल मागा. वॉचमनला विचारा, दिवसाला किती टँकर येतात. एजंट जे सांगत नाही ते वॉचमन सांगतो.

टँकरचं आणि विहिरीचं पाणी शुद्ध आहे का, हा प्रश्न लहान मुलांच्या घरात पहिला विचारायचा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि त्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. ही गावं २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आली होती. हद्द वाढली म्हणून त्याच दिवशी नळाला शुद्ध केलेलं पाणी येत नाही. कुठलीही सोसायटी बघताना ती महापालिकेत आहे की ग्रामपंचायतीत (हिंजवडी, माण, मारुंजी इथे ग्रामपंचायती आहेत), पाणी नक्की कुठून येतं आणि टाकी कधी धुतली, हे विचारायला लाजू नकोस. धाकट्यासाठी पाणी उकळायची सवय तर ठेवच.

नदीकाठचं घर दाखवलं तर आणखी एक चौकशी कर. पंचगंगेचा पूर तुम्ही बघितलाय, त्यामुळे जास्त सांगायला नको. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा, पुण्यातही आहेत. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं होतं. मुळा आणि पवनेच्या काठालाही सखल जागा आहेत. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी येतं का, हे तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचार.

भाग बघायला रविवारी जाऊ नका. रविवारी पुण्यातला प्रत्येक रस्ता मोकळा वाटतो. कामाच्या दिवशी सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला मिस्टरांनी ऑफिसची वाट गाडीने स्वतः पार करावी. तोवर तू मुलांना घेऊन सोसायटीच्या आसपास पायी फिर. संध्याकाळी खेळाच्या जागेजवळ बसलेल्या बायकांशी बोल. बालरोगतज्ज्ञ कोण, रात्री उघडं असणारं मेडिकल कुठे, कामाला बाई मिळते का, पाळणाघर कुठलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. महापालिकेचा दवाखाना कुठे आहे तेही विचारून ठेव. धाकट्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांच्या आत द्यायचा असतो. घर हलवण्याच्या धांदलीत तो राहून जाऊ देऊ नकोस, महापालिकेच्या दवाखान्यात लस मोफत मिळते.

शाळेचं फार डोक्यात घेऊ नकोस. मुलगी अजून बालवर्गातच आहे. पहिलीचा प्रवेश येईपर्यंत भाग तुम्हाला कळलेला असेल. आत्ता तिला चालत किंवा दहा मिनिटांत पोचता येईल अशी, मुलांना पळू-खेळू देणारी बालवाडी हवी, आणि ती कशी ओळखायची हे शिक्षिका म्हणून तुला कळतंच.

आता सासूबाईंचा मुद्दा. स्वतःचं घर हवं, यात त्यांचं काही चूक नाही. भाड्याची त्यांना वाटणारी भीती पूर्वीच्या दिवसांतली आहे, तिचा मान ठेवूनच बोल. पण ताबा दोन वर्षांनी आहे, म्हणजे पहिली दोन वर्षं तुम्ही भाडंही भरणार आणि हप्तेही. शिवाय नोकरी नवी आहे. सहा महिन्यांत प्रोजेक्ट बदलून खराडीला जायला लागलं, तर पुनावळ्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला पडेल. माझं स्पष्ट मत: पहिले अकरा महिने भाड्याने राहा, टोकन देऊ नका. सासूबाईंना सांग, "आई, घर घ्यायचंच आहे. पण ज्या गल्लीत आयुष्य काढायचं ती एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघून घेऊ." त्यांनीही कधीतरी परक्या घरात येऊन संसार मांडलाय, त्यांना हे पटेल असं मला वाटतं.

करार रजिस्टरच करा. आपल्या राज्यात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने घेण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. नुसत्या स्टँपपेपरवर भागवू म्हणणाऱ्याला नको म्हणा. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही ती मुदत, किती महिन्यांचं आहे ते वाचा, सहाच्या वर मान्य करू नका. आणि पुढे टॉवरचं ठरलंच, तर महारेराच्या (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची नोंदणी आणि बिल्डरने तिथे दिलेली पूर्ण होण्याची तारीख बघा. माहितीपुस्तकातली तारीख आणि ती तारीख सारखीच आहे का, ते तपासा.

मिस्टरांशी बोलताना 'मला हा भाग नको' असं सुरू करू नकोस, लगेच वाद होईल. तो मंगळवारचा कागद त्यांच्यासमोर ठेव आणि म्हण, "पुनावळ्यात माझा हा दिवस कसा जाईल, तुम्हीच भरून दाखवा." ते प्रामाणिक असतील, आणि तुझ्या पत्रावरून तसेच वाटतात, तर काही रकाने भरताना थांबतील. तिथून पुढे तुम्ही दोघं मिळून शोधाल. बाकीच्यांना निर्णय कळवायचा, विचारायचा नाही.

तुझ्या नोकरीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण मला ती महत्त्वाची वाटली. कायद्याने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असायला हवी, ही तरतूद २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात आली. मोठ्या शाळेत मुलाखतीला गेलीस तर हे जरूर विचार. छोट्या बालवाड्यांत ही सोय नसते, पण बऱ्याच ठिकाणी शिक्षिकेच्या मुलाला फीमध्ये सवलत देतात. जूनसाठीची भरती साधारण फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होते. तेव्हा कोल्हापूर सोडण्याआधी जुन्या बालवाडीतून अनुभवाचं प्रमाणपत्र घे, दोन्ही मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरणाची कार्डं एका फाइलमध्ये लाव, आणि ती फाइल ट्रकमध्ये न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेव.