नऊ जण मिळून हाताने अकॉस्टिक गिटार बनवून 17 सप्टेंबरला वसतिगृहासाठी लिलाव करायचा आहे. काम कसं वाटून घ्यावं? किती वेळ आणि खर्च लागेल?

आधी तारखेबद्दल बोलतो, वाटणीचं नंतर. या 17 सप्टेंबरला लिलाव करू नका. मुक्तिसंग्राम दिनाला मुलींच्या वसतिगृहासाठी गिटार विकायची कल्पना मला मनापासून आवडली. पण तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये लाकूड फाडायचं आणि ऑगस्टअखेर तारा चढवायच्या. म्हणजे टॉप-पाठ बाजूंना चिकटवून गिटारची पेटी जुलै-ऑगस्टमध्ये बंद होणार. मराठवाड्यात पेटी बंद करायला याहून वाईट महिने नाहीत.

आमच्या गटाने नेमकं हेच केलं होतं. टॉप, म्हणजे तारांखालची पुढची फळी, स्प्रूस या हलक्या लाकडाचा होता, पाठ आणि बाजू एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून काढलेल्या सागवानाच्या. टॉपखालचे ब्रेस, म्हणजे आतून आधार देणाऱ्या पट्ट्या, चिकटवले ते ऑगस्टात, झड लागलेली असताना. भिंतीवरच्या हायग्रोमीटरवर (हवेतला ओलावा मोजायचं मीटर) 82 टक्के दिसत होते आणि ते सगळ्यांनी पाहिले होते. जानेवारीत लिलाव झाला. गिटार वाजत होती उत्तम, पैसे चांगले आले, संस्थेला दिले. एप्रिलच्या शेवटी घेणाऱ्यांचा फोन आला की तारा झणझणतायत आणि मानेवरून हात फिरवला की काहीतरी टोचतंय.

गिटार परत आली तेव्हा ब्रिजच्या (टॉपवरची तारा अडकवायची पट्टी) खालच्या कडेपासून शेपटीकडे अकरा सेंटीमीटरची भेग होती, लाकडाच्या रेषेतून सरळ गेलेली. तिच्यात व्हिजिटिंग कार्डाची कड सहज जात होती. टॉपवर पट्टी आडवी ठेवली तर खाली उजेड दिसत नव्हता, म्हणजे दोन-अडीच मिमीचा जो फुगवटा मुद्दाम दिला होता तो पूर्ण बसला होता. टॉप खाली गेला, त्याच्यासोबत ब्रिज खाली गेला, तारा फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, टेकायला लागल्या. फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची फ्रेट बसवलेली फळी, रुंदीत आखडला होता, फ्रेटची टोकं तेवढीच राहिली, म्हणून ती हाताला टोचत होती.

कारण एकच. लाकूड रेषेला आडवं आखडतं, रेषेच्या दिशेने जवळपास नाही. टॉपची रेषा उभी, ब्रेस तिला आडवे किंवा तिरपे. 82 टक्के हवेत फुगलेला टॉप तुम्ही ब्रेसला चिकटवला. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा 20 टक्क्यांवर आली की टॉप आखडायला बघतो आणि ब्रेस त्याला आखडू देत नाहीत. तीन मिमीची पातळ फळी तो ताण किती दिवस सहन करणार? 80 टक्के हवेत लाकडात 16 टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं, 20 टक्के हवेत चार-पाच टक्के. 400 मिमी रुंदीच्या स्प्रूससाठी हा फरक सहा मिमीच्या घरात जातो. उलट, कोरड्या हवेत जोडलेली पेटी पावसाळ्यात फुगते, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) थोडी वर येते, आवाज जरा दबतो, पण सहसा फुटत नाही.

आमच्या गटातले सगळ्यात जुने मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, त्यांना हे कधीच पटलं नाही. त्यांचं म्हणणं, "शंभर वर्षं तुळईला व्हतं ते लाकूड, आता काय हलतंय? गोंद खराब व्हता तुमचा." तुमच्याही गटात हे बोलणारं कोणीतरी असणारच, म्हणून खोलात जातो. जुनं लाकूड पिळत नाही, वाकडं होत नाही, त्यातला ताण निघून गेलेला असतो, हे मामांचं खरं आहे. दार-खिडक्यांच्या कामात तेवढं पुरतं. पण हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं लाकूड कधीच थांबवत नाही, ते शंभर वर्षांचं असो की पाचशे. शिवाय तुळई म्हणून ते दहा इंच जाड होतं, आत ओलावा पोचायलाच महिने लागायचे. तेच लाकूड अडीच मिमीपर्यंत काढलं की चार दिवसांत हवेशी जुळतं. आणि गोंद खराब असता तर सांधा उकलला असता. फुटलं ते अख्खं लाकूड, सांध्यापासून चार बोटं लांब.

तेव्हा वेळापत्रक असं लावा. जून ते सप्टेंबर फक्त लाकूड गोळा करणं, फाडणं, साचे बनवणं. फाडलेलं लाकूड पावसाळाभर लोखंडी कपाटात ठेवा, तळाशी 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा, तापणारा पिवळा बल्ब सतत चालू. 28 अंशांची 80 टक्के ओलाव्याची हवा 38 अंशांपर्यंत तापवली की तिचा ओलावा 45 टक्क्यांवर येतो, दुसरं काही लागत नाही. टॉपचं वजन रोज सोनाराच्या काट्यावर करून त्याच्यावरच पेन्सिलीने लिहा. तीन दिवस आकडा हलला नाही की लाकूड हवेशी जुळलं. ब्रेस चिकटवणं आणि पेटी बंद करणं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, खोलीत 40 ते 45 टक्के असतील त्याच दिवशी. हायग्रोमीटर आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चिखल होईल एवढंच पाणी, मीटरसकट हवाबंद डब्यात रात्रभर. 75 दाखवला पाहिजे. जो फरक येईल तो मीटरवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. जानेवारीत फिनिश, फेब्रुवारीत तारा. मग तिला एक उन्हाळा काढू द्या, आणि पुढच्या वर्षीच्या 17 सप्टेंबरला लिलाव करा. या वर्षीच्या 17 तारखेला मांडवात लाकूड आणि नकाशा मांडून घोषणा करा, तीही चांगली दिसते.

प्रत्यक्ष काम दीडशे ते दोनशे तासांचं आहे, पहिल्यांदाच करताय तर दोनशेच धरा. खर्चात मोठा फरक स्प्रूसच्या दर्जाने पडतो. मधला दर्जा घ्या, पण दोन संच घ्या, एक बिघडणारच. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई), तारा ताणायच्या किल्ल्या, फ्रेट वायर, हाडाचा नट-सॅडल (तारांच्या दोन टोकांचे आधार, नट डोक्याकडे, सॅडल ब्रिजवर), तारा यांच्यात काटकसर करू नका, कारण घेणारा आधी किल्ली फिरवून बघतो.

आता वाटणी. लातूर, उदगीर, नांदेड अशा तीन गावांत प्रत्येकाने घरी एकेक भाग बनवायचा आणि शेवटी जोडायचा, हा तुमचा बेत मोडीत काढा. एका घरी कूलर चालू, दुसऱ्या घरी पत्र्याखाली 42 अंश, तिसऱ्या घरी एसी. तीन हवांमधले तीन भाग एकत्र बसत नाहीत. टॉप, पाठ, ब्रेस, बाजूंची चौकट, पेटी बंद करणं आणि मानेचा कोन, एवढं एकाच खोलीत, एकाच बाकावर झालं पाहिजे. फिंगरबोर्ड, ब्रिज, नट, रोझेट (भोकाभोवतीची नक्षी), गिटारच्या डोक्यावरची नक्षी आणि गिटार ठेवायची केस खुशाल घरी न्या. रोझेटमध्ये पैठणीच्या काठाची नारळी काढायची तुमची कल्पना छान आहे, फक्त खाच दीड मिमीपेक्षा खोल नेऊ नका, तिथे टॉप आधीच अशक्त असतो.

घरी नेणाऱ्यांनी मापं एकाच स्टीलच्या पट्टीवरून घ्यायची, आणि ती पट्टी गटाबरोबर फिरवायची. इंचाचा टेप हातातच घेऊ नका. स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची लांबी, 648 मिमी धरली तर पहिला फ्रेट नटपासून 36.37 वर, बारावा 324 वर. उरलेल्या लांबीला दरवेळी 17.817 ने भागत जा, पण खुणा सगळ्या नटपासूनच करा. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर प्रत्येक वेळची पाव मिमीची चूक साठत जाते आणि बाराव्या फ्रेटवर गिटार बेसूर. फ्रेटची खाच 0.58 मिमीची. साधी करवत त्यापेक्षा रुंद कापते, मग फ्रेट धरतच नाही. सॅडल तिरपा बसतो: पहिल्या तारेला 648 च्या दोन-अडीच मिमी मागे, सहाव्या तारेला साडेचार-पाच.

मानेच्या कोनाला एकच माणूस नेमा, मतदान नको. मान पेटीला मिळते त्या चौदाव्या फ्रेटपासून सॅडल 289 मिमीवर असतो, तिथे एक अंशाची चूक पाच मिमी होते. फ्रेटवर सरळ पट्टी ठेवली की तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम चाटून गेलं पाहिजे. मान बोल्टने जोडा. पहिल्या गिटारला चिकटवलेला सांधा नको, पुढे उघडावा लागतोच.

"सगळ्यांचा हात टॉपला लागला पाहिजे" म्हणून रविवारी सगळ्यांना काचकागद देऊ नका. नऊ हात, प्रत्येकाचा दाब वेगळा, आणि घासायला सगळ्यांना मधलीच जागा सोपी जाते. कडेला 3.1 आणि मध्ये 2.2 असा टॉप तारांच्या 73 किलोच्या ताणाखाली पोट काढतो. जाडी मोजायचा व्हर्नियर एकाच्या हातात, रंधा एकाच्या हातात, मध्ये 2.9 आणि कडेला 2.6 आलं की थांबा. सह्या पाठीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने करा, पेटी बंद करायच्या आधी. भोकातून त्या दिसतात, आणि लिलावात लोक तेच वाकून वाचतात.

वाड्याचं सागवान घेणार असाल तर आधी लोहचुंबक फिरवा, मग गिरणीत न्या. आत तुटलेले खिळे असतात आणि एका खिळ्यात पट्टा-करवतीची धार जाते. विकत घेतल्याची पावती जपून ठेवा. सागवान तेलकट असतं, म्हणून ताज्या रंध्यानंतर ॲसिटोनने पुसून पंधरा-वीस मिनिटांत गोंद लावायचा. बाजूच्या पट्ट्या दोन मिमीच्या, तापलेल्या लोखंडी पाइपावर, ओल्या फडक्यासकट. कंबरेच्या वळणावर घाई केली की आतून चिरतात. फर्निचरचा पांढरा गोंद ब्रिजला कधीच नको, उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडतो आणि ब्रिज सरकतो. सरस वापरता येत असेल तर उत्तम, 60 ते 65 अंशांवर, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून. नाहीतर टाइटबाँड ओरिजिनल हा लाकडाचा गोंद. फिनिशला चपडा (लाख) आणि स्पिरिट, पातळ हात. फर्निचर पॉलिशवाल्याला दिलीत तर तो काचेसारखा जाड थर देईल आणि आवाज मरेल. चपडाही पावसाळ्यात पांढरा पडतो, हे पावसाळा टाळायचं आणखी एक कारण.

आमची भेग कशी बुजवली तेही सांगतो, कारण तुमच्यावर ही वेळ येऊ शकते. ओला स्पंज छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत घालून पेटीत ठेवला, गिटार प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि 50 टक्क्यांवर नऊ दिवस ठेवली. भेग आपली आपण मिटली. मग पातळ सरस बोटाने आत दाबला, आतून दीड मिमी जाडीचे स्प्रूसचे छोटे चौकोनी तुकडे, रेषा भेगेला आडवी, तीन-तीन सेंटीमीटरवर. आजही खूण दिसते. पण मूळ दोष तसाच आहे. दरवर्षी मार्चपासून त्या गिटारमध्ये स्पंज ठेवावा लागतो, आणि ज्यांनी चांगल्या कामासाठी पैसे दिले त्यांच्यावर ही कटकट आली याचं वाईट वाटतं. म्हणून केसबरोबर एक कागद नक्की द्या: कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, गाडीत ठेवू नका, ओलावा 40 ते 55, आणि वर्षभर दुरुस्ती आमच्याकडे.

दोन गोष्टी राहिल्या. वरची सगळी मापं स्टीलच्या तारांच्या गिटारची आहेत. नायलॉनची करणार असाल तर ताण जवळपास निम्मा असतो, टॉप आणि ब्रेस त्या हिशेबाने बारीक. आणि तुमच्याकडे 45 टक्क्यांवर कायम राहणारी एसी-डिह्युमिडिफायरची खोली असेल तर पावसाळ्यातही पेटी बंद करता येईल. वीज बारा-बारा तास जाणार नसेल तरच.

कामाला लागायच्या आधी हे करा. तुम्ही वापरणार त्या तुळईतून 200 मिमी रुंदीच्या, तीन मिमी जाडीच्या दोन पट्ट्या काढा, शेजारशेजारच्या. एक बल्बच्या कपाटात, एक न्हाणीघरात. पाचव्या दिवशी दोन्ही रुंदीत मोजा. मोजायचा व्हर्नियर "आता काय हलतंय" म्हणणाऱ्या तुमच्या मिस्त्रींच्याच हातात द्या.