ही ओळ आली कुठून? सॅसवरची प्रश्नोत्तरे

सॅस या डेटा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटासेट (ओळी-कॉलमांचे तक्ते) जोडून झाल्यावर ओळींचं मूळ शोधत बसलेल्यांची पत्रं थांबत नाहीत. म्हणून पुन्हा एकदा.

प्रश्न : चार डेटासेट एकाखाली एक जोडले. कुठली ओळ कुठली, हे कसं नोंदवू?
डेटासेट वाचणाऱ्या सेट स्टेटमेंटला इनडीएसनेम= पर्याय द्या. ओळ ज्या डेटासेटमधून आली त्याचं नाव तो एका व्हेरिएबलमध्ये (कॉलममध्ये) ठेवतो.

प्रश्न : दिला, पण आउटपुटमध्ये तो कॉलमच नाही. सहकारी म्हणतो, बग आहे.
बग नाही. ते व्हेरिएबल तात्पुरतं असतं; त्याची किंमत आपल्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. नाव लायब्ररीसकट (डेटासेट ठेवलेल्या जागेच्या नावासकट) येतं, मध्ये टिंब असतं. नुसतं डेटासेटचं हवं असेल तर स्कॅन फंक्शनने टिंबानंतरचा भाग काढा. सहकाऱ्याला मॅन्युअल दाखवा.

प्रश्न : ओळ अमुक डेटासेटमधली आहे की नाही हे सांगणारा इन= पर्याय आणि इफ-एल्स वापरून मी स्रोताचं नाव लिहिते. दहाव्या केंद्राच्या, म्हणजे साइट१०च्या, ओळी गायब आणि साइट१च्या फुगलेल्या! लॉगमध्ये (प्रोग्रॅम चालल्याच्या नोंदीत) एररही नाही.
नसणारच, आणि माझी झोप उडते ती इथेच. 'साइट१' इंग्रजीत लिहिलं की पाच अक्षरं. व्हेरिएबलला पहिल्यांदा हेच दिलंत, म्हणजे सॅसने त्याची लांबी पाच ठरवली. पुढे 'साइट१०' आलं, शेवटचं शून्य कापलं गेलं आणि दहाव्या साइटची माणसं पहिलीच्या खात्यात गेली. दोन डेटासेटमध्ये एकाच कॉलमची लांबी वेगळी असेल तर लॉग निदान वॉर्निंग देतो. इथे तेवढंही नाही. म्हणून सेटच्या आधी लांबी ठरवणारं लेंग्थ स्टेटमेंट लिहा. ऐच्छिक समजू नका. मग ओळी मोजणारं प्रॉक फ्रीक चालवून प्रत्येक स्रोताच्या ओळी मूळ डेटासेटशी ताडून पाहा. या आकड्यांवर अहवाल गेला असेल तर आजच तुमच्या संख्याशास्त्रज्ञांना सांगा. सोमवारची वाट पाहू नका.

प्रश्न : मर्जमध्ये (डेटासेट शेजारी-शेजारी जोडताना) इनडीएसनेम= चालतं?
नाही. तिथे इन= वापरा.

प्रश्न : पन्नास डेटासेट आहेत. सगळ्यांची नावं लिहीत बसू नये म्हणून एका क्लासवाल्याने मॅक्रो (तयार कोड) विकत घ्यायला सांगितलाय.
सेटमध्ये 'साइट' लिहून पुढे कोलन (:) द्या, त्या नावाने सुरू होणारे सगळे डेटासेट येतात, झालं! कोलनला पैसे पडत नाहीत. मात्र त्याच नावाने सुरू होणारी जुनी प्रतही त्यात ओढली जाते. आधी लायब्ररीतली यादी डोळ्यांखालून घाला. शंका आली तर डेटा सांभाळणाऱ्याला विचारा.

प्रश्न : स्रोत न नोंदवताच जोडलं. तारखांवरून ओळखता येईल का?
तो अंदाज झाला. मूळ डेटासेट असतील तर पुन्हा जोडा. नसतील तर ज्यांनी ते पाठवले त्यांच्याकडे मागा आणि तोवर काहीही डिलीट करू नका.