फिनलंड हा देश स्कँडिनेव्हियात मोडतो का?

काटेकोर अर्थाने फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही. तो नॉर्डिक देश आहे. स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन, तर या तिघांत फिनलंड व आइसलँड मिळवले, आणि फेरो बेटे, ग्रीनलंड व ओलांड हे स्वायत्त प्रदेश धरले, की नॉर्डिक प्रदेश होतो. 1952 साली स्थापन झालेल्या व फिनलंड 1955 मध्ये सामील झालेल्या नॉर्डिक परिषदेची सदस्यरचनाही हीच आहे.

या भेदाचे मूळ मुख्यतः भाषेत आहे. डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश या इतक्या जवळच्या जर्मानिक भाषा आहेत की त्यांचे भाषक एकमेकांचे लेखन बरेचसे समजू शकतात. फिनिश मात्र युरालिक कुळातील असून तिचे जवळचे नाते एस्टोनियनशी आहे. तरीही फिनलंड सुमारे सहा शतके स्वीडनच्या अमलाखाली असल्याने स्वीडिश ही तेथील दुसरी राष्ट्रभाषा आहे आणि हेलसिंकीतील रस्त्यांच्या पाट्या आजही दोन्ही भाषांत असतात.

अर्थात, नकाशा पाहिला की ही विभागणी थोडी डळमळते: स्कँडिनेव्हियन द्वीपकल्पावर डेन्मार्क नाहीच, उलट फिनलंडचे उत्तर टोक त्यात धरले जाते. म्हणूनच भूशास्त्रज्ञ फेनोस्कँडिया हे वेगळे नाव वापरतात, ज्यात फिनलंड व रशियाचा कोला भाग येतो, पण डेन्मार्क वगळला जातो. बोलीभाषेत, विशेषतः पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत, पाचही देशांना सर्रास स्कँडिनेव्हिया म्हटले जाते.