वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या वस्तऱ्याचा गंज

प्रश्न : जुन्या धोकटीत आजोबांचा वस्तरा सापडला. इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का आहे. मूठ पिवळट, तडकलेली, कापरासारखा वास येतो. धारवाल्याच्या चाकावर गंज काढून घ्यावा का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : चाकावर मुळीच देऊ नका. धारेजवळचं पातं इतकं पातळ असतं की कोरड्या चाकावर ते क्षणात तापतं. उष्णता २०० अंशांपुढे गेली की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरू लागतं. निळी झाक दिसली तर ती जागा मऊ पडली समजा. पुढे धार लागते, पण टिकत नाही.

आधी मूठ पाहा. कापराचा वास म्हणजे सेल्युलॉइड, जुन्या काळचं प्लास्टिक. ते कुजू लागलं की आम्लाची वाफ सोडतं, म्हणून गंज मुठीत मिटणाऱ्या भागावरच जास्त असेल. अशी मूठ वाचवत बसू नका. ती झटकन पेट घेते. मे महिन्यात आपल्याकडे तापणाऱ्या पत्र्याखाली तर ठेवूच नका. धारेला टेप लावून रिव्हेटचं एका बाजूचं डोकं बारीक कानशीनं घासा आणि पिन बाहेर ढकला. नवी मूठ शिसमाची करा, पितळी पिन १.६ मिमीची. पिनेचं टोक हलक्या हातोडीनं ठोकत फुलवा. जोरात मारलं की लाकूड चिरलंच.

पातं रात्रभर शिलाई मशीनच्या तेलात ठेवा. शेंगदाणा तेल नको, ते चिकटून बसतं. मग ६००, १०००, २००० नंबरचा (आकडा मोठा तितका कागद बारीक) वॉटर पेपर तेल लावून, हात नेहमी पात्याच्या पाठीकडून, म्हणजे जाड कडेकडून, धारेकडे. लिंबू-व्हिनेगरनं गंज जातो, पण पोलादही खरवडतं. काळे डाग राहू द्या आणि शिक्क्यावर घासू नका. त्यात ‘इंग्लंड’ असेल तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा : १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं होतं.

गंजाचे खड्डे थेट धारेवर असतील तर दाढीचा विचार सोडा. प्रत्येक घासणीत नवा खड्डा उघडतो आणि तिथे धार तुटते.

प्रश्न : १००० ग्रिटच्या (बारीकपणाचा नंबर) दगडावर वस्तरा कितीही घासला तरी टोकाकडे धार येत नाही. – एक वाचक, शहादा

उत्तर : धारेवर मार्करची शाई लावा, एकच हलका हात फिरवा. शाई टोकाकडेच उरली तर तिथे दगड लागत नाही. बहुतेकदा दोष दगडाचा असतो, मध्ये खोल झालेला. त्यावर पेन्सिलीच्या चौकटी काढा आणि काचेवर ४०० चा वॉटर पेपर ठेवून रेघा पुसेपर्यंत घासा. पातंच कमानदार असेल तर हात थोडा वळवत न्यावा लागतो.

पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. पाठ उचलली की कोन गेला. दाब फक्त पात्याच्या वजनाचा. मनगटावरचे केस सहज निघू लागले की ५०००, ८०००, मग १२००० ग्रिटचा दगड. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ५० हात, पण इथे दगडाच्या उलट : पाठ पुढे, धार मागे. उलट फिरवलात तर पट्टा कापला जातो. हा वस्तरा एकानेच वापरायचा. रक्तातून कावीळ पसरते.